लाटांची कडवी

"गुन्वर, गप्प बस गं! हातात सुरी आहे माझ्या!" मालान ओरडली, पण तोवर उशीर झाला होता.

गुन्वरनं एक भलाथोरला साल्मन मासा तान्ह्या पोरासारखा खांद्यावर टाकला होता आणि त्याची पाठ थोपटत ती मुकादमाच्या चालीनं टेबलांमधून मिरवत होती. "ढेकर काढ रे सोन्या, काढ ढेकर." मासे चिरणाऱ्या सगळ्या बायका काम टाकून हसत सुटल्या. मालानही हसली. हसता हसता तिनं एक पाय दुसऱ्यावर असा काही आवळला, की रबरी बूट एकमेकांवर घासून किंचाळले. मग तिचं हसू मावळलं. बाकीच्या अजून हसतच होत्या.

कपडे बदलायच्या खोलीत ती पिशवीतून कोरडी चड्डी काढत होती, तेवढ्यात गुन्वर आत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"पुन्हा?"

"काय पुन्हा?"

"मालान, मी आंधळी नाही. हसू आलं की माणसं एकमेकांकडे बघतात. तू दाराकडे बघतेस."

"वय झालं. तीन पोरं काढली. चालायचंच."

"माझी चार. मीही चालायचंच म्हणत होते. मग नातवानं ट्रॅम्पोलिनवर ओढलं आणि एका उडीत सगळी अब्रू गेली." गुन्वर बाकावर बसून बूट काढू लागली. "त्या फिजिओथेरपीवाल्या तूरीकडे जा. दर बुधवारी येते आरोग्यकेंद्रात."

"तूरीकडे? अगं, तिच्या बाप्तिस्म्याला केक मी केला होता! लंगोट बदललेत मी तिचे!"

"मग काय, आता तिची पाळी."

मालान एरवी गेली नसती. पण आदल्याच संध्याकाळी राजधानीतून, हावनहून, थोरल्या लेकीचा, रान्वाचा फोन आला होता. तिचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात, आणि तेही हावनला नाही, गावातच. "आणि आई, नाचाला तांडेल तू. नाही म्हणायचं नाही. बर्ग्ताचा पोवाडा पाहिजे मला. आजीचा."

या बेटांवर नाचाला वाद्य नसतं. एकमेकांचे हात धरायचे, लांबलचक साखळी करायची आणि लाकडी जमिनीवर पाय आपटत फेर धरायचा. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक. पुढे एक जण पोवाड्याची कडवी म्हणत असतो आणि पालुपद आलं की सगळा हॉल ते उचलतो. त्या पुढच्या माणसाला होडीवरच्या तांडेलाचंच नाव आहे, कारण त्यानं सोडलं तर बाकीचे भरकटतात. साखळी अशी वळत, गुरफटत जाते, की नाचता नाचता गावातलं प्रत्येक तोंड दुसऱ्या प्रत्येक तोंडासमोरून जातं. कुणी कुणापासून लपत नाही.

आणि म्हणूनच काही वर्षांपूर्वी मालान बर्ग्ताचा पोवाडा अर्ध्यावर टाकून, हात सोडवून हॉलबाहेर गेली, तेव्हा ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. पोवाड्यात बर्ग्ता एकटी होडी घेऊन निघते ती वादळात सापडते, आणि मग येतात ती लाटांची कडवी. तिथे नुसतं पाय आपटून भागत नाही, दोन्ही पायांनी उडी मारायची असते. पहिल्या उडीला मालानला ऊब जाणवली. दुसऱ्या उडीला ती बाहेर होती. घसा गेला, असं तिनं सांगितलं. लोकांनी सुचवलेल्या जडीबुटीचे काढेही मुकाट्यानं प्यायली. त्यानंतर कुणी बर्ग्ता म्हटली नाही. पोवाडा पुरता येत होता तो तिला आणि तिच्या आईला. आईनं तर तिच्याही आधी कधीच फेर सोडला होता. गुडघ्यांमुळे.

आता मालाननं नाही म्हटलं, तर पोरं दुसरं काहीतरी सोपं म्हणून नाचतील, लग्न काही अडणार नाही. पण बर्ग्ता मग कायमची समुद्रातच राहील.

बुधवारी ती गेली.

तूरीनं सगळं शांतपणे विचारलं. खोकताना का, ओझं उचलताना का, किती पाणी पिता, रात्री उठता का. मग हातमोजे घालून म्हणाली, "मावशी, तपासायला लागेल. दुखलं तर थांब म्हणा, लगेच थांबते." मालान छताकडे बघत पडून राहिली. छतावर कुणीतरी पफिन पक्ष्याचं चित्र चिकटवलं होतं. इथे पडलेल्या किती बायकांनी या पक्ष्याच्या डोळ्याला डोळा दिला असेल, असं तिच्या मनात आलं.

"आता आवळा आणि आत उचला."

मालाननं छाती भरून श्वास घेतला, कोंडला, पोट टणक केलं आणि टाचा गादीत रोवल्या.

"मावशी," तूरी म्हणाली, "तुम्ही होडी ओढताय."

खरंच होतं. गावातल्या प्रत्येक पोराला चालता येऊ लागलं की होडी धक्क्यावर ओढायला शिकवतात. दम कोंडायचा, पोट घट्ट, सगळा जोर खाली. मालान आयुष्यभर सगळं तसंच उचलत आली होती. माशांचे खोके, मेंढ्या, बटाट्यांची पोती, पोरं.

"तुम्ही सगळं खाली ढकलताय. तळाशी जी बिचारी आधीच दमलीय, तिच्याच डोक्यावर उभ्या आहात. श्वास चालू ठेवा. मांड्या सैल. आता असं समजा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलाय. पाद्रीबाबांची प्रार्थना चाललीय, सगळीकडे शांत. आणि पोटातला वायू सुटू द्यायचा नाहीय."

मालाननं चर्च डोळ्यांपुढे आणलं. आणि आत, खूप आत, झोपलेल्या माणसाची पापणी हलावी तसं काहीतरी हललं.

"हां!" तूरी म्हणाली. "हीच ती."

"ही? एवढीशी?"

"एवढीशी नाही. थकलीय." तूरीनं दोन्ही तळहातांची ओंजळ केली. "अशी स्नायूंची झोळी आहे बघा, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत बांधलेली. मूत्राशय, गर्भाशय, आतडं, सगळ्यांचं ओझं हिच्यावर. तुम्ही दिवसभर कारखान्यात उभ्या, तशी तीही उभी. तुम्ही खोकलात की तिनं आधी वर उचलायचं, नाहीतर पाणी सुटतं."

"आणि माझी तीन पोरं?"

"तिच्यातूनच आली. प्रत्येक वेळी ती ताणली गेली, फाटायला आली, आणि परत जागेवर यायला लागली. कुणी न सांगता."

मालान घरी चालत निघाली. डोंगरावर मेंढ्या होत्या, खाली समुद्र होता, सगळं नेहमीचंच. पण तिला चर्चमध्ये पहिल्यांदा दिवे लागलेले पाहिल्यावर वाटलं होतं तसं वाटत होतं. पन्नाशी उलटून गेली. अंगातल्या घरात कुणी एक बाई एवढी वर्षं मुकाट राबत होती, आणि आपण तिला कधी नावानं हाकही मारली नाही.

स्वयंपाकघरातल्या बाकावर पाठीवर पडून गुडघे वर करायचे, हा तिचा नेम झाला. नवरा हानूस साल्मनच्या तळ्यांवर कामाला होता. एकदा तो लवकर घरी आला.

"पाठ धरली का?"

"व्यायाम चाललाय."

"कसला? तू तर हललीसुद्धा नाहीस."

"हललेय."

"कुठे?"

"तुला कशाला चौकशा? बटाटे लाव उकडायला."

हानूसनं बटाटे लावले. पातेल्याकडे बघत उभा राहिला. मग मालाननं छताकडे बघतच त्याला सांगून टाकलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य उच्चारायला तिला पाणी उकळेपर्यंत वेळ लागला.

"त्या वेळी हॉलमधून निघून गेलीस, ते…"

"हो."

"मला वाटलं, माझ्यावर चिडलीस. मी जरा जास्त प्यालो होतो."

"तेही होतंच," मालान म्हणाली.

हानूसनं भांड्यावर झाकण ठेवलं. त्या दिवसापासून तळघरातली पिंपं तो न सांगता स्वतःच वर आणू लागला. मालाननं त्याला त्याबद्दल झापलं. "आणू दे मला. उचलायच्या आधी आतून उचलायचं असतं, तेच शिकतेय मी."

तेच अवघड होतं. खोकला यायच्या आधी, शिंक यायच्या आधी, खोका उचलायच्या केसभर आधी, आत वर घ्यायचं. सुरुवातीला शिंक नेहमी पुढे आणि मालान मागे. हिवाळा अर्धा सरला तरी ती मागेच होती. मग एक दिवस कारखान्यात बर्फाच्या गारठ्यानं तिला शिंक आली, गेली, आणि ती तशीच उभी राहिली. कोरडी. तिनं समोर गुन्वरकडे पाहिलं. गुन्वरनं मान डोलावली आणि पुढचा मासा ओढला. मालानला वाटलं, आता इथे घंटा वाजायला हवी होती.

या शिंकेनं ती चढून गेली. पुढच्या रविवारी होडीच्या खोपीत गेली, दार लावलं आणि फळ्यांवर एकटीच फेर धरून बर्ग्ता म्हणू लागली.

एकटी निघाली बर्ग्ता, वल्ही तिच्या हाती,
अंगणी भरती आली, विझल्या घरच्या वाती.
रात सरू दे, सागरा, रात सरू दे.

लाटांच्या कडव्यांपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे तिनं उडी मारली, आणि तेच झालं. काही वर्षांपूर्वीचं, तसंच, तिथंच. ती उपड्या होडीवर बसून रडली. मग उठून घरी गेली, कारण ओल्या कपड्यांत थंडी वाजते.

"नाचून दाखवा," तूरी बुधवारी म्हणाली.

"इथे?"

तूरीनं तपासायचं टेबल भिंतीकडे ढकललं आणि हात पुढे केला. दोघींनी हात धरून त्या खोलीत फेर धरला, वजनकाट्याला वळसा घालून. बाहेर बसलेल्या माणसांनी काय समजायचं ते समजलं असेल. तूरी मालानच्या पोटाकडे, मांड्यांकडे, मानेकडे बघत होती.

"तुम्ही पहिल्या कडव्यापासून आवळून धरलंय. एकदाही सोडलं नाही."

"सोडलं तर सांडेल!"

"सोडलं नाही तर दमेल. आणि दमली की मग सांडेल. सोडणं हाही अर्धा व्यायाम आहे, मावशी. वल्हं पाण्यातून बाहेर काढल्याशिवाय पुढचा हात मारता येतो का?"

मालान वजनकाट्यावर टेकली. मग म्हणाली, "पालुपद सगळे म्हणतात. तेव्हा तांडेल श्वास घेतो. त्याला तेवढीच उसंत."

"मग तिलाही तेव्हाच घेऊ द्या की."

त्यानंतर मालानच्या व्यायामाला घड्याळ लागलं नाही. कडवं सुरू झालं की उचलायचं, धरायचं. पालुपदाला सोडायचं, पुरतं, अगदी तळापर्यंत. बटाटे सोलताना, लोकर विंचरताना, बससाठी उभी असताना ती मनात बर्ग्ताला समुद्रात नेत होती आणि आणत होती. एक मात्र झालं. वादळानंतरचं एक कडवं तिला काही केल्या सापडेना.

म्हणून ती वृद्धाश्रमात आईकडे गेली. एल्स्पा खिडकीशी विणत बसली होती. डोळे जवळजवळ गेले होते, पण ते बोटांना कुणी कळवलं नव्हतं.

"आई, लाटा संपल्यावर बर्ग्ता होडीत बसून काय म्हणते गं?"

"तुला कशाला? तू तर नाचत नाहीस."

"रान्वाच्या लग्नात तांडेल मी आहे."

सुया थांबल्या. "घसा बरा झाला वाटतं."

"घसा कधी बिघडलाच नव्हता, आई."

आणि मग तिनं सांगितलं. हानूसला सांगण्यापेक्षा हे सोपं गेलं, कारण आईला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. एल्स्पा ऐकत राहिली. बाहेर एक बगळ्यासारखा पांढरा पक्षी वाऱ्यावर जागच्या जागी तरंगत होता.

"माझे गुडघेही," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"माझे गुडघेही कधी बिघडले नव्हते."

मालान खुर्ची ओढून आईजवळ बसली.

"चड्डीत कच्ची लोकर ठेवायचो आम्ही. न कातलेली. मेंढी पावसात कोरडी राहते, तर आपणही राहू, असं वाटायचं. मेंढीला नाचावं लागत नाही, हे नंतर कळलं." एल्स्पानं विणकाम मांडीवर ठेवलं. "भिंतीला लागून बसायचो त्या सगळ्याच गं. एकीचे गुडघे, एकीची कंबर, मार्याला म्हणे चक्कर यायची. कुणी कुणाला विचारलं नाही."

मालानला ती भिंत दिसली. लहानपणापासून पाहिलेली. काळ्या शाली घेतलेल्या बायकांची रांग, पुढ्यातून नाच चाललेला, आणि सगळ्यांचे ओठ हलताहेत. पोरीपोरी मिळून त्यांना हसायच्या, म्हाताऱ्या चघळताहेत म्हणून. त्या पोवाडे म्हणत होत्या. अख्खेच्या अख्खे, एकही कडवं न गाळता, वर्षानुवर्षं, आवाज न करता. केवढं काय काय त्या बायकांनी त्या भिंतीशी बसून धरून ठेवलं होतं.

"काय करायला सांगते ती पोरगी?" एल्स्पानं विचारलं.

"कुणाला?"

"तुला. म्हणजे मला. सांग की."

"आई, तू आता या वयात…"

"का? मी काय भिंत आहे?"

मालाननं सांगितलं. होडी ओढायची नाही, श्वास कोंडायचा नाही. चर्च, पाद्रीबाबा, पुढचा बाक. एल्स्पानं डोळे मिटले. पांढऱ्या भुवया किंचित वर गेल्या आणि तशाच राहिल्या.

"आहे," ती कुजबुजली. "अगं, आहे अजून ती. मला वाटलं, केव्हाच गेली."

मग तिनं लेकीला ते हरवलेलं कडवं दिलं.

लग्नाच्या संध्याकाळी ऊन मावळायचं नाव घेत नव्हतं. हॉलची दारं सताड उघडी होती आणि आत वाऱ्यावर वाळवलेल्या मटणाचा, कॉफीचा आणि लोकरीच्या कपड्यांत घामेजलेल्या माणसांचा वास कोंदला होता. मालाननं चांदीच्या साखळ्यांची चोळी घातली होती आणि आत, तूरीच्या सांगण्यावरून, पॅड. "छत्री घेतली म्हणून पाऊस पडलाच पाहिजे असं नाही," तूरी म्हणाली होती. एल्स्पाला आश्रमाच्या गाडीतून आणून भिंतीशी खुर्चीत बसवलं होतं. शेजारी आश्रमातली मदतनीस होती.

रान्वानं आईचा हात धरला. दुसरा हात हानूसनं. मालाननं पहिलं कडवं उचललं.

पाय पडू लागले. आधी दहा-वीस, मग माणसं हात सोडवून मध्ये घुसत गेली, साखळी लांबली, वळली, आणि जमीन नगाऱ्यासारखी बोलू लागली. कडव्याला मालान धरत होती. पालुपदाला सगळ्या हॉलचा आवाज वर उठायचा आणि ती त्या आवाजावर स्वतःला सोडून द्यायची. रात सरू दे, सागरा. एवढी माणसं आपल्या वाटचं गाताहेत, तोवर आपण रिकामं व्हायचं. हे तिला पूर्वी कधी कळलंच नव्हतं. पूर्वी ती पालुपदही एकटीनंच ओढायची.

वादळ आलं. तिनं रान्वाचा हात दाबला, आतून उचललं, आणि केसभरानं मागून पाय उचलले. हॉलनं उडी घेतली. खिडक्या थरथरल्या. पुन्हा. पुन्हा. थोडं ओलं झालं असेल, नसेलही. तिनं दाराकडे पाहिलं नाही.

तिनं पाहिलं ते भिंतीकडे, कारण साखळी वळून तिकडेच चालली होती. मदतनीस एल्स्पाच्या कानाशी वाकली होती आणि बोटानं मागच्या बाजूला दाखवत होती. तिकडे संडास होता. आश्रमात म्हाताऱ्यांना ठरल्या वेळी नेतातच, नाहीतर पंचाईत होते. एल्स्पानं मान हलवली. नाही. साखळी फिरून पुन्हा तिच्यापुढे आली, तेव्हा मदतनीस जरा काकुळतीनं तेच सांगत होती. एल्स्पानं पुन्हा मान हलवली. तिची पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. ओठ हलत होते, आणि आता नुसते हलत नव्हते. लाटांनंतरचं ते कडवं मालाननं उचललं, तेव्हा भिंतीकडूनही एक आवाज आला, चिरका, फाटका, पण सुरात. आजूबाजूच्या शालवाल्या बायकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. कडवं संपलं, पालुपद आलं, आणि म्हातारीचे खांदे अलगद खाली उतरले.

असे कितीतरी वेळा. बर्ग्ता परत येईपर्यंत.

पोवाडा संपला की इथे टाळ्या पडत नाहीत. पाय तसेच चालू राहतात आणि दुसरं कुणीतरी दुसरं काहीतरी सुरू करतं. एका पोरानं सुरू केलं. मालाननं रान्वाचा आणि हानूसचा हात एकमेकांच्या हातात दिला आणि ती साखळीतून बाहेर पडली.

"आई, चल. ताटकळलीस."

एल्स्पानं चालायच्या चौकटीवर हात टेकले आणि उठली. संडास हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. मालान मागे, हात तयार ठेवून. दोन-चार पावलं झाली असतील, तोच बाकावरून म्हाताऱ्या पेतूरनं हाक मारली.

"एल्स्पा! आलीस का गं बाहेर एकदाची?"

एल्स्पा थांबली.

"आई," मालान हळूच म्हणाली.

एल्स्पानं मागे न बघता एक हात किंचित वर केला. घाई नाही. मग पेतूरकडे वळून तिनं विचारलं, "काय रे, यंदा मेंढरं कशी व्याली?"

पेतूर म्हणजे बोलायला बसला की उठायचा नाही. त्यानं पहिल्या मेंढीपासून सुरुवात केली. जुळी कुणाला झाली, कुठलं कोकरू कड्यावरून गेलं, कावळ्यांनी काय केलं. भोवती नाच चालला होता, जमीन हादरत होती. एल्स्पा चौकटीला धरून ताठ उभी होती आणि मान डोलावत, मध्येच प्रश्न विचारत, ते सगळं शेवटपर्यंत ऐकत होती.